ग्रामभगिनींचे उद्योग आणि आपली पेढी

आमच्या पेढीच्या खतावणीत एक लहानशी नोंद आहे. रक्कम रुपये ८,४००. माल, ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची व कारळ्याची चटणी. विकणार, कुंदगोळकडील एका खेड्यातील बारा स्त्रियांचा बचत गट. दसऱ्याच्या सुमारास गिऱ्हाइकांना मिठाईऐवजी आपल्या मुलखातील जिन्नस भेट द्यावा, अशी कल्पना घरातील सूनबाईंनी काढली, ती सर्वांना पसंत पडली आणि माल ठरल्या दिवशी, ठरल्या वजनाचा व ठरल्या बांधणीचा पेढीवर येऊन पोहोचला. गिऱ्हाइकांनी त्याची तोंडभर प्रशंसा केली. आम्हीही केली. फक्त पैसे द्यावयाचे राहिले.

राहिले म्हणजे बुडवावयाचे होते, असे नव्हे. दिवाळीचा हंगाम, मालाची आवक, मुनीमजींची गडबड, आणि आठ-साडेआठ हजारांची किरकोळ रक्कम. 'पाहू पुढे' म्हणून ते बिल एका कपाटात गेले. गटाच्या खजिनदार बाई तीनदा पेढीवर येऊन गेल्या. राज्यात जून २०२३ पासून स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास विनामूल्य झाला असल्यामुळे त्यांना भाडे पडले नाही हे खरे. परंतु प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडाली. तिसऱ्या खेपेला आम्ही स्वतः गादीवर होतो. बाई उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या आणि कानडीत जे बोलल्या त्याचा आशय असा: "सावकार, आमच्या गटात हप्ता एक दिवस चुकला तरी बाईकडून दंड घेतो. रब्बीच्या पेरणीला हरभऱ्याचे बी घ्यायचे होते, ते आमच्यातल्या दोघींनी शेकडा तीन रुपये महिना व्याजाने पैसे काढून घेतले. आता तुमच्याकडून दंड कुणी घ्यायचा?"

आम्ही त्याच क्षणी रक्कम चुकती केली. बाईंनी ती दोनदा मोजली, पावती लिहून दिली आणि त्या बस गाठावयास निघून गेल्या. परंतु प्रश्न मात्र गादीवरच बसून राहिला. यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे सुचविण्यात आले तेव्हा आम्हास दुसरा विषय सुचेना तो यामुळेच. आपल्या या जिल्ह्यातील ग्रामीण भगिनींच्या संघटना आज कोठवर आल्या आहेत, त्यांच्यापुढे कोणत्या संधी आहेत, आणि त्या संधींच्या वाटेत आम्ही व्यापारी साह्यकर्ते म्हणून उभे आहोत की अडथळा म्हणून, याचा थोडा हिशेब येथे मांडण्याचा हेतू आहे.

चळवळीचे मूळ

बचत गट हा शब्द आता इतका रूढ झाला आहे की त्यामागील विचार आपण विसरतो. दहा ते वीस स्त्रियांनी एकत्र यावे, दर आठवड्यास थोडी थोडी रक्कम साठवावी, ती आपसांतच कर्जाऊ द्यावी, आणि अशा रीतीने पत निर्माण झाल्यावर बँकेच्या दारात जावे, हे त्याचे सोपे स्वरूप. कर्नाटकात 'मायराडा' या संस्थेने १९८० नंतरच्या दशकात अशा गटांचे जे प्रयोग केले, त्यांचा अनुभव पुढे राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेस, म्हणजे नाबार्डला, उपयोगी पडला. आणि १९९२ मध्ये नाबार्डने देशातील ५०० गट बँकांशी जोडण्याची प्रायोगिक योजना हाती घेतली. तारण नाही, मालमत्ता नाही, अक्षरओळखही अनेकींना नाही, अशा बायकांना बँकेने कर्ज द्यावे ही कल्पना तेव्हा पुष्कळांना हास्यास्पद वाटली होती. आज ती साऱ्या देशाची रीत झाली आहे.

धर्मस्थळाच्या क्षेत्राने १९८२ मध्ये बेळतंगडी तालुक्यात आरंभिलेली ग्रामविकास योजना आपल्या जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचली. राज्य सरकारने २००० साली 'स्त्रीशक्ती' गटांची योजना सुरू केली. २०११ मध्ये केंद्र सरकारचे राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियान आले, आणि कर्नाटकात ते 'संजीविनी' या नावाने ओळखले जाऊ लागले. या अभियानाने गटांना पाच नियम घालून दिले आहेत: नियमित सभा, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेबवही.

व्यापारी वाचकांनी ही पंचसूत्री पुन्हा एकदा वाचावी. आपल्या आजोबा-पणजोबांनी गुजरातेतून, राजस्थानातून किंवा कृष्णा-वेदगंगेच्या काठावरून येऊन येथे पेढ्या घातल्या, तेव्हा त्यांच्याजवळ याहून निराळे भांडवल काय होते? काटकसर, परस्परांवरील भरवसा, दिल्या शब्दाची चाड आणि रोजच्या रोज जुळणारी रोकड. जी विद्या आपणांस वारसाने मिळाली, ती या भगिनींनी स्वतःच्या हिमतीने संपादन केली आहे. त्यांच्याकडे 'गरीब बिचाऱ्या' म्हणून पाहणे ही आपली पहिली चूक होय. त्या आपल्याच व्यवसायातील नवोदित मंडळी आहेत.

तीर्थ गावचे यश

गेल्या काही वर्षांतील सर्वांत आनंददायक वार्ता कुंदगोळ तालुक्यातीलच आहे. तीर्थ हे तेथील एक लहान गाव. पावसावर अवलंबून असलेली शेती, आणि त्या शेतीत वर्षानुवर्षे कापसाचाच जोर. कापूस रोख पैसा देतो हे आपण हुबळीकर व्यापाऱ्यांस सांगावयास नको. पण ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी कापूस ताटात वाढता येत नाही, हेही तितकेच खरे. या गावात बीबी फातिमा स्वसाहाय्य संघ या नावाने २०१८ मध्ये स्त्रियांचा एक गट उभा राहिला. 'सहज समृद्ध' या संस्थेच्या मार्गदर्शनाने या स्त्रियांनी राळे, सावा, कोदरा अशी जुनी भरड धान्ये पुन्हा शेतात आणली, देशी बियाण्यांची पेढी उभी केली आणि धान्य सडण्याची, पाखडण्याची यंत्रे बसवून आपल्या मालावर आपल्याच गावी प्रक्रिया सुरू केली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिला जाणारा 'इक्वेटर' पुरस्कार या गटास जाहीर झाला. जगभरातून निवडलेल्या दहा संस्थांमध्ये आपल्या जिल्ह्यातील एका खेड्याचे नाव यावे, ही हुबळी-धारवाडच्या प्रत्येक नागरिकास अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

'बियाण्यांची पेढी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. शेतकऱ्याने मूठभर बी न्यावे आणि पीक आल्यावर ते वाढवून परत आणावे, हा अशा पेढ्यांचा सर्वसाधारण व्यवहार. यात नाणे नाही, पण मुद्दल आहे. नोट नाही, पण व्याज आहे. आणि ही धान्ये सडणे किती कष्टाचे आहे हे ज्यांच्या घरी जुनी माणसे आहेत त्यांना ठाऊक असेल. सावा किंवा राळे यांचे टरफल दाण्यास घट्ट चिकटलेले असते. उखळात कांडून ते काढताना बायकांचे खांदे भरून येत. ही धान्ये आपल्या ताटातून नाहीशी झाली, त्याचे एक मोठे कारण हे कष्टच होत. यंत्र गावात आले आणि धान्य परत आले, हा कार्यकारणभाव ध्यानात घेण्याजोगा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून साजरे केल्यापासून शहरांतून या धान्यांस मागणी वाढली आहे. तेव्हा पुरवठादार गावात आहे, गिऱ्हाईक शहरात आहे; मधला दुवा म्हणजे आपण.

गरग आणि बेंगेरी

दुसरी वार्ता तितकीशी सुखाची नाही. धारवाड तालुक्यातील गरग येथे १९५४ मध्ये स्थापन झालेली खादी संस्था राष्ट्रध्वजाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. हुबळीच्या बेंगेरी भागातील कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ हा १९५७ चा. तेथे २००४ मध्ये राष्ट्रध्वज शिवण्याचा विभाग सुरू झाला आणि पुढे भारतीय मानक संस्थेची मान्यताही मिळाली. बेंगेरीच्या ध्वजाचे कापड बागलकोट जिल्ह्यातील तुळसीगेरीकडून येते. सूत काढण्यापासून ध्वज शिवण्यापर्यंतच्या या साऱ्या साखळीत बहुसंख्य हात स्त्रियांचे आहेत.

ध्वज शिवणे म्हणजे तीन पट्ट्या जोडणे, अशी कोणाची समजूत असेल तर ती चूक आहे. ध्वजाची मानकाने ठरविलेली नऊ मापे आहेत. सर्वांत मोठा २१ फूट लांब व १४ फूट रुंद, तर सर्वांत लहान जेमतेम ६ इंच लांब व ४ इंच रुंद. सुताची जाडी, विणीचे धागे, रंगाची छटा, अशोकचक्राच्या चोवीस आऱ्यांची दोन्ही बाजूंची जुळणी, टाक्यांची संख्या या सर्वांची तपासणी होते, आणि एक उणीव सापडली की ध्वज बाजूला पडतो. येथे 'चालून जाईल' हा शब्दच चालत नाही.

या उद्योगावर २०२२ साली संकट आले. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार झालेल्या आणि पॉलिएस्टरच्याही ध्वजांस परवानगी मिळाली. घरोघरी तिरंगा फडकावा, तो सर्वांस परवडावा, हा त्यामागील हेतू होता आणि तो वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या ज्या वर्षी बेंगेरीत मागणीचा पूर यावयास हवा होता, त्याच वर्षी ती घटली आणि ज्यांचे पोट टाक्यांवर चालते अशा कामगार भगिनींची चिंता वाढली. आम्ही व्यापारी आहोत. स्वस्त मालाचा मोह आम्हास समजतो. तरीदेखील एक गोष्ट आम्ही येथे नम्रपणे विचारू इच्छितो. आपल्या किती सभासदांच्या गोदामांवर व दुकानांवर १५ ऑगस्ट व २६ जानेवारीस फडकणारा ध्वज बेंगेरीचा असतो? वर्षातून एक ध्वज विकत घेतल्याने कोणाचीही पेढी बसत नाही. शेकडो पेढ्यांनी तो घेतला तर मात्र चार घरांची चूल निश्चित पेटती राहते.

सुई आणि माग

धारवाडची कशिदा ही आपल्या घरांतील पेट्यांमधून जपलेली कला. इरकली लुगड्यावर गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन असे आकार धागे मोजून भरावयाचे; आधी कापडावर काही रेखाटावयाचे नाही, आणि धाग्याला गाठ मारावयाची नाही. गवंती, मुरगी, नेयगे व मेंती हे तिचे चार टाके. त्यांतील गवंती टाका असा की कापड उलटे केले तरी नक्षी सुलटच दिसावी. या कलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, म्हणजे तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. तोच मान नवलगुंदच्या जमखान्यासही लाभला आहे. मोर आणि सोंगट्यांचा पट विणलेले ते जमखाने नवलगुंदातील मुसलमान घरांतील स्त्रिया उभ्या मागावर विणतात.

मान मिळाला, पण दाम मिळाला का? एका लुगड्यावरील भरगच्च कशिद्यास कित्येक आठवडे लागतात. यंत्रावर भरलेले तसेच दिसणारे लुगडे एका दुपारी तयार होते, आणि काउंटरवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवली तर नवख्या गिऱ्हाइकास भेद कळत नाही. तो भेद सांगणे हे विक्रेत्याचे काम आहे. यंत्राचा माल यंत्राचा म्हणून विकण्यास काहीच हरकत नाही; परंतु तो 'हातचा' म्हणून विकला की एका गिऱ्हाइकाची फसवणूक होते आणि एका कारागीर भगिनीची मजुरी बुडते. कापडाच्या धंद्यातील आमच्या बंधूंनी या बाबतीत स्वतःस नियम घालून घ्यावा अशी आमची सूचना आहे. कापड उलटून दाखविण्यास एक क्षण पुरतो, आणि जो दुकानदार स्वतः होऊन कापड उलटून दाखवितो त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

शेजारची दोन उदाहरणे

महाराष्ट्रातील दोन संस्थांचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. मुंबईच्या गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी गच्चीवर बसून पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. देणारे होते छगनलाल पारेख. पहिल्या दिवशी तयार झालेली पापडांची चार पाकिटे भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या नावाने तो उद्योग पुढे देशभर पसरला आणि सातांपैकी एक असलेल्या जसवंतीबेन पोपट यांस २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. या कथेतील सात स्त्रियांचे नाव सर्वत्र होते आणि ते योग्यच आहे. परंतु भुलेश्वरातील तो व्यापारी आम्हास विसरवत नाही. त्याने दान दिले नाही, सत्कार केला नाही. माल घेतला आणि पुन्हा मागितला. व्यापाऱ्याने करावयाचे काम नेमके तेवढेच असते, आणि ते फार मोठे असते.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे. तेथील दुष्काळी माण तालुक्यातील स्त्रियांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बँक काढण्याचे योजिले, तेव्हा संस्थापक सभासद निरक्षर आहेत या कारणाने रिझर्व्ह बँकेने परवानगी नाकारली. त्या बायका परतल्या, रात्रीचे वर्ग काढून लिहा-वाचावयास शिकल्या, आणि पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आम्ही व्याजाचा हिशेब तोंडी करतो, तुमच्या माणसांनी यंत्रावर करावा, कोण आधी सांगतो ते पाहू. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उघडली. ज्यांनी आयुष्यभर व्याज भरले त्यांना व्याज मोजता येत नाही, असे समजणे किती भ्रामक आहे हे त्या दिवशी सिद्ध झाले.

उपलब्ध संधी

आता ज्या भगिनींच्या हाती ही स्मरणिका पडेल, अथवा ज्यांना आमच्या घरांतील स्त्रिया ती वाचून दाखवतील, त्यांच्यासाठी काही उपयुक्त माहिती एकत्र देतो.

उपजीविका अभियानातील गटास आरंभी २० ते ३० हजार रुपयांपर्यंत फिरता निधी मिळतो. गटाचे हिशेब चोख असतील तर बँकेकडून तीन लाखांपर्यंतचे कर्ज सात टक्के व्याजाने मिळू शकते, आणि दहा लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये असा दंडक आहे. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाचे छत्तीस टक्के, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांना या सात टक्क्यांची थोरवी निराळी सांगावयास नको. धारवाडला मुख्य कचेरी असलेली कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. जुन्या खातेदार गटांनी आपल्या पासबुकावरील शाखेचे संकेतांक नव्याने तपासून घ्यावेत.

एकट्या स्त्रीस धंदा काढावयाचा असल्यास कर्नाटक राज्य महिला विकास निगमाची 'उद्योगिनी' योजना आहे. खाद्यपदार्थ करणाऱ्या गटांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना सुरू केली. तीत गटातील प्रत्येक सभासदामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद ठेवण्यात आली. अशा योजनांच्या मुदती व अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी तालुका पंचायतीतील संजीविनी कक्षात किंवा जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी आणि मध्यस्थास पैसे देऊ नयेत. शिक्षणाच्या दृष्टीने धारवाडचे कृषी विद्यापीठ, जे १९८६ मध्ये स्थापन झाले, हे आपल्या दाराशी असलेले मोठे विद्यापीठ आहे. तेथील कृषी मेळ्यास केवळ पाहावयास जाऊ नये. आपला माल घेऊन जावे.

आणि सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटी. जो गट स्वतः माल तयार करतो त्याने 'उद्यम' नोंदणी करून घ्यावी. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन होते, तीस शुल्क नाही आणि स्वसाहाय्य गटासही ती करता येते. तिचा लाभ काय, हे सांगताना आम्हास पुन्हा आमच्या खतावणीतील त्या नोंदीकडे वळावे लागते.

दंड कोणी घ्यावा

"तुमच्याकडून दंड कुणी घ्यायचा?" या प्रश्नाचे उत्तर वस्तुतः कायद्यात आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यान्वये, नोंदणीकृत सूक्ष्म अथवा लघु उत्पादकाचा माल घेतल्यावर लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे चुकते करणे बंधनकारक आहे. मुदत टळली तर बँक दराच्या तिप्पट दराने, आणि तेही दरमहा चक्रवाढीने, व्याज लागू होते. यावरही पुष्कळ व्यापारी निर्धास्त होते. म्हणून २०२३ मध्ये आयकर कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून असे ठरले की मुदत उलटून वर्षअखेर थकीत राहिलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या खर्चात वजा मिळणार नाही. ती प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी मिळेल. म्हणजे भाकरीवालीचे पैसे अडवले तर कर आपल्यावर चढतो.

हा नियम आला तेव्हा बाजारात जी कुजबुज झाली ती आम्ही ऐकली आहे. 'नोंदणी केलेल्यांकडून माल घेणेच नको', असे काही जण म्हणाले. काहींनी पुरवठादारांस नोंदणी रद्द करावयास सांगितले, असेही कानावर आले. धंद्यात रोकडीची ओढाताण असते, वरून पैसे आल्याखेरीज खाली देता येत नाहीत, ही अडचण खरी आहे; ती आम्ही नाकारीत नाही. परंतु लाखांच्या व्यवहारातील अडचणीची ढाल करून हजारांचे देणे अडवावे, यास व्यवहार म्हणता येणार नाही. आमच्या घरी तांदळाच्या मोठ्या व्यापाऱ्याचे बिल थकले असते तर त्याने दुसऱ्याच दिवशी फोन केला असता आणि आम्ही दिले असते. त्या बाईंचे थकले याचे कारण एवढेच की त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि आवाज चढविला नाही. जो मोठ्याने मागतो त्याला आधी आणि जो मुकाट उभा राहतो त्याला शेवटी, अशी आपल्या रोकडवहीची रीत पडून गेली आहे. परक्याचे घेऊ नये, ही अचौर्याची शिकवण आपण लेकरांस पाठ म्हणून देतो. दुसऱ्याचा पैसा त्याच्या गरजेच्या दिवशी आपल्या कपाटात पडून असणे, हे त्या शिकवणीत कोठे बसते, याचा ज्याचा त्याने विचार करावा.

आमची सूचना

आम्ही आमच्या पेढीवर तीन नियम केले आहेत. ते काही फार मोठे नाहीत. म्हणूनच ते पाळता येतील अशी आशा आहे. पहिला, स्त्रियांच्या गटाकडून आलेल्या मालाचे पैसे माल तपासून घेतल्याच्या दिवशीच, गटाच्या बँक खात्यात भरावयाचे. दुसरा, मागणी देताना निम्मी रक्कम आगाऊ द्यावयाची, कारण ज्वारी व शेंगदाणे त्यांनाही रोखीनेच घ्यावे लागतात. तिसरा, मालात काही उणे आढळले तर गुपचूप दुसरीकडे न वळता ते गटास स्पष्ट सांगावयाचे. बेंगेरीच्या शिलाईवर जशी तपासणी कठोर, तशीच ती भाकरीवरही असावी. दयेपोटी घेतलेला माल एकदाच घेतला जातो, चोख म्हणून घेतलेला माल दरवर्षी घेतला जातो.

हेच नियम सर्वांनी जसेच्या तसे घ्यावेत असा आग्रह नाही. परंतु आपल्या संघटनेच्या कचेरीत अशा गटांची एक यादी असावी. कोणत्या गावी काय तयार होते, कोणत्या महिन्यात व किती, याची तीत नोंद असावी. आणि वर्षातून एकदा, शक्यतो दसऱ्यापूर्वी, त्यांच्या मालाचे एक दालन भरवावे, एवढे आम्ही सुचवितो. यादी करण्याचे काम आपल्या घरांतील सुना-लेकींकडे द्यावे. बऱ्याच जणी हिशेबशास्त्राच्या पदव्या घेऊन घरात आहेत. त्यांतील एखादीने महिन्यातून दोन दिवस एखाद्या गटास वही ठेवण्यास, 'उद्यम' नोंदणी करण्यास किंवा वेष्टनावर काय छापावे हे समजावण्यास दिले तर त्या गटाचे काम पुष्कळ सोपे होईल, आणि त्या सूनबाईसही पेढी म्हणजे काय हे पेढीबाहेर राहून कळेल.

या वर्षी दसऱ्यास आम्ही त्याच गटाकडे पुन्हा मागणी नोंदविली. खजिनदार बाईंनी फोनवर आधी आगाऊ रकमेची चौकशी केली आणि मग वजनाची. आम्हास त्यात काही गैर वाटले नाही. माल ठरल्या दिवशी आला, पैसे त्याच दिवशी खात्यात गेले. पावती देताना बाई या खेपेस उंबऱ्याशी उभ्या राहिल्या नाहीत. आत येऊन बसल्या, चहा घेतला, आणि हरभऱ्याचे बी या वर्षी गटाच्याच पैशातून आणल्याचे त्यांनी सांगितले. त्या दोघींना यंदा व्याज भरावे लागले नाही. आमच्या खतावणीत ही नोंदही तेवढीच लहान आहे.